लुई ब्रेलची उरलेली गोष्ट

मुलांसमोर ठेवायच्या आदर्शांची आपल्याकडे जी ठरलेली यादी असते, तिच्यात ‘अपंगत्वावर मात’ करणाऱ्यांचा एक वेगळा कप्पा असतो. हेलन केलर, लुई ब्रेल, सुधा चंद्रन आणि आता चित्रपटामुळे घरोघरी पोचलेले मुरलीकांत पेटकर. माणसे वेगळी, देश वेगळे, काळ वेगळा; पण गोष्टीचा साचा एकच. आधी संकट, मग जिद्द, मग यश आणि शेवटी तात्पर्य. परिपाठाच्या पाच मिनिटांत बसेल एवढीच तिची लांबी.

या साच्यात काय सुटते आणि जे सुटते त्याने काय बिघडते, हे पाहण्यासाठी मी लुई ब्रेलची गोष्ट निवडली आहे. त्याला दोन कारणे. त्याच्या आयुष्याची नोंद त्याला ओळखणाऱ्या माणसांनी केलेली आहे, त्यामुळे दंतकथा आणि घटना यांच्यात थोडाफार फरक करता येतो. दुसरे कारण अधिक व्यवहाराचे आहे. त्याने मागे ठेवलेली गोष्ट मुलांच्या हातात देता येते. शिखर किंवा सुवर्णपदक मुलांना दाखवता येते. सहा टिंबे मुलांना स्वतः मांडून पाहता येतात.

शाळेत सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी असते. पॅरिसजवळच्या खेड्यात लुई नावाचा मुलगा होता. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात खेळताना त्याच्या डोळ्यात आरी घुसली. तो आंधळा झाला, पण खचला नाही. पंधराव्या वर्षी त्याने अंधांसाठी लिपी शोधून काढली. आणि मग शेवटचे वाक्य येते: बघा मुलांनो, डोळे नसताना त्याने एवढे केले, तुम्हाला तर देवाने सगळे दिले आहे!

यातले तपशील बहुतेक बरोबर आहेत. घोटाळा शेवटच्या वाक्यात आहे. ते वाक्य फक्त दिसणाऱ्या मुलांना उद्देशून आहे. त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर एखादी न दिसणारी किंवा अगदी कमी दिसणारी मुलगी बसली असेल, तर ती त्यातून काय ऐकते? एक तर हे, की तिचे आयुष्य म्हणजे इतरांनी ‘आपले बरे आहे’ असे म्हणण्याचे माप आहे. आणि दुसरे हे, की तिने पंधराव्या वर्षापर्यंत काही अचाट केले नाही तर जिद्दीत तीच कमी पडली. वर्गाला ब्रेलमधले पुस्तक वेळेवर मिळाले नाही, हा मुद्दा त्या गोष्टीत कुठेच बसत नाही.

अपघातानंतरचे गाव

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९चा. गाव कूव्रे, पॅरिसच्या पूर्वेला सुमारे चाळीस किलोमीटरवर. वडील सिमों-रने ब्रेल घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचा साज बनवत. अपघात १८१२मध्ये झाला. इजा एकाच डोळ्याला झाली होती. पण जखम चिघळली, जंतुसंसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी पूर्ण गेली. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. हा तपशील मुलांना सांगावा, कारण ‘खोडकरपणाची शिक्षा’ असा जो गर्भित अर्थ गोष्टीला चिकटतो, तो त्याने सुटतो.

यानंतरची पाच वर्षे परिपाठातल्या गोष्टीत एका ओळीत उडवली जातात. खरे तर तीच महत्त्वाची आहेत. त्या काळात गरीब घरातल्या अंध मुलाच्या वाट्याला बहुधा भीक मागणे येई. लुईच्या घराने तसे होऊ दिले नाही. वडिलांनी त्याला काठी करून दिली. लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यांनी त्याला अक्षरांचे आकार शिकवले, असे सांगतात. गावात नव्याने आलेल्या पाल्वी नावाच्या पाद्र्याने त्याला शिकवायला घेतले. बेशरे नावाच्या तरुण गुरुजींनी त्याला गावच्या शाळेत इतर मुलांबरोबर बसू दिले. तो ऐकून शिकला आणि हुशार निघाला. पुढे पाद्री आणि गावचा उमराव यांच्या खटपटीतून १८१९मध्ये, दहा वर्षांचा असताना, तो पॅरिसच्या अंध मुलांच्या राजकीय संस्थेत शिष्यवृत्तीवर दाखल झाला.

म्हणजे लुईची जिद्द सुरू होण्याच्या आधी चार-पाच मोठ्या माणसांनी काहीतरी केलेले होते. बेशरे गुरुजींनी नकार दिला असता, तर त्यांना कोणी नाव ठेवले नसते. तेव्हाची रीतच ती होती. मुलांना गोष्ट सांगणारे बहुधा शिक्षकच असतात आणि गोष्टीतून नेमके शिक्षकाचेच पात्र गाळले जाते, हे मला नेहमी नवलाचे वाटते.

जत्रेतले चष्मे

लुई ज्या संस्थेत गेला, तिच्या जन्माची हकिगत त्याच्या गोष्टीइतकीच मुलांना सांगण्यासारखी आहे. १७७१मध्ये पॅरिसच्या सेंट-ओव्हिदच्या जत्रेत एका खाणावळवाल्याने गिऱ्हाईक खेचण्यासाठी अंध माणसांचा वाद्यवृंद बसवला होता. त्यांना विदूषकी टोप्या आणि पुठ्ठ्याचे मोठाले चष्मे घातले होते, समोर स्वरलिपीचे कागद ठेवले होते, आणि लोक पोट धरून हसत होते. हे दृश्य व्हालेंतिन आउई नावाच्या भाषातज्ज्ञाने पाहिले आणि त्याला त्याची किळस आली. १७८४मध्ये त्याने चर्चच्या दाराशी भीक मागणाऱ्या फ्रान्स्वा लेस्युर या अंध तरुणाला शिकवायला घेतले. त्यातून अंध मुलांची ती शाळा उभी राहिली.

शाळा चालवायची तर पैसा हवा आणि पैसा हवा तर लोकांना दाखवायला हवे. आउई आपल्या विद्यार्थ्यांची जाहीर प्रात्यक्षिके करत. १७८६मध्ये व्हर्सायला राजासमोरही प्रात्यक्षिक झाले. मुले बोटांनी वाचून दाखवत, गात, वाजवत आणि लोक थक्क होत. जत्रेतल्या हसण्यापेक्षा हे थक्क होणे कितीतरी चांगले होते. त्यावर शाळा चालली. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच होती: अंध माणूस मंचावर आणि बाकीचे समोर. ‘तुला काय हवे’ असे त्याला विचारायची वेळ अजून आली नव्हती.

आजची प्रेरणादायी गोष्ट मला या दुसऱ्या प्रकारात मोडणारी वाटते. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग, ज्या स्वतः चाकाची खुर्ची वापरत, त्यांनी २०१४मधल्या एका गाजलेल्या व्याख्यानात अपंग माणसांचा इतरांना हुरूप देण्यासाठी होणारा वापर उघड करून सांगितला होता. त्यांचा रोख कौतुकावर नव्हता. साधे रोजचे जगणेसुद्धा पराक्रम म्हणून दाखवले की त्या माणसाकडून कोणी काही अपेक्षाच ठेवत नाही, हे त्यांना सांगायचे होते.

बारा टिंबे आणि सहा टिंबे

आउईंच्या शाळेतली पुस्तके उठावाच्या अक्षरांची होती. जाड कागद ओला करून मोठ्या अक्षरांच्या खिळ्यांवर दाबायचा. वाळला की नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर उंचवटा होऊन राहत. कल्पना उदार होती. जी लिपी सगळ्यांची तीच अंधांची, असा तिचा अर्थ. पण ती डोळ्यांनी विचार करणाऱ्याची कल्पना होती. एकेका अक्षराच्या कडेवरून बोट फिरवून आकार ओळखावा लागे. वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरायची वेळ. पुस्तके अवजड आणि महाग, म्हणून मोजकी. सर्वांत मोठी अडचण म्हणजे या पद्धतीत वाचता येई, लिहिता येत नसे. धड्याची टिपणे, घरी पत्र, पैशाचा हिशेब, यांतले काहीच मुलांच्या हातात नव्हते.

१८२१च्या सुमारास शार्ल बार्बिए यांची टिंबांची पद्धत या शाळेत आली. बार्बिए हे पूर्वी तोफखान्यात अधिकारी होते. त्यामुळे ‘सैनिकांना रात्रीच्या अंधारात निरोप वाचता यावेत म्हणून नेपोलियनच्या सांगण्यावरून केलेली लिपी’ अशी कथा जगभर पसरली आणि मराठीतही आली. अलीकडच्या अभ्यासकांनी बार्बिए यांची मूळ पुस्तके तपासून या कथेवर शंका घेतली आहे. ज्यांना नेहमीचे शिक्षण मिळत नाही अशा लोकांना झटपट लिहिता यावे हा त्यांचा ध्यास होता, आणि त्या लोकांत अंधही होते, असे त्या लेखनातून दिसते.

त्यांची पद्धत मुलांना नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उदाहरणाने समजावता येते. भाषेतले छत्तीस ध्वनी घ्यायचे आणि सहा ओळींत सहा-सहा असे मांडायचे. ध्वनी कुठल्या ओळीत आहे तेवढी टिंबे डावीकडे, त्या ओळीत कितवा आहे तेवढी उजवीकडे. म्हणजे एका चिन्हाला दोन स्तंभ आणि प्रत्येकात जास्तीत जास्त सहा टिंबे. शिवाय टिंबे उमटवण्यासाठी त्यांनी खाचांची पाटी आणि टोचणीही दिली. अंध माणसाच्या हाती लिहायचे साधन आले ते बार्बिए यांच्याकडून.

लुई तेव्हा बारा वर्षांचा होता. टिंबे बोटाला रेषेपेक्षा लवकर कळतात, हे त्याला आणि त्याच्या सोबत्यांना लगेच उमगले. उणिवाही उमगल्या. बारा टिंबांचे चिन्ह बोटाच्या पेरात मावत नव्हते. बोट वरखाली हलवावे लागे. लिपी ध्वनींची असल्यामुळे शब्दाचे लेखन शिकता येत नव्हते. विरामचिन्हे नव्हती, आकडे नव्हते, संगीताची स्वरलिपी नव्हती. पुढची तीन वर्षे लुई रात्री आणि सुट्ट्यांत यावर काम करत राहिला. १८२४पर्यंत, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याच्या पद्धतीचा गाभा तयार झाला होता.

त्याने टिंबे अर्ध्यावर आणली: दोन स्तंभ, प्रत्येकी तीन. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. बोटाचे पेर एकदा टेकले की पूर्ण चिन्ह कळते. मोजत बसावे लागत नाही. प्रत्येक टिंब असेल किंवा नसेल, या हिशेबाने रिकामी जागा सोडून ६३ चिन्हे मिळतात. त्यांचा क्रमही त्याने पाठांतराला सोपा ठेवला. रोमन लिपीतली पहिली दहा अक्षरे वरच्या चारच टिंबांतून बनतात. त्याच दहांत तिसरे टिंब मिळवले की पुढची दहा. तिसरे आणि सहावे मिळवले की त्यापुढची. फ्रेंचमध्ये ‘डब्ल्यू’ची गरज जवळजवळ नव्हती, म्हणून ते अक्षर मूळ मांडणीत नाही, ते नंतर आले आणि इंग्रजी ब्रेल शिकणाऱ्याला ते आजही रांगेबाहेरचे वाटते.

१८२९मध्ये ही पद्धत पुस्तकरूपाने आली. त्या पुस्तकाच्या नावातच शब्दांबरोबर संगीताचाही उल्लेख आहे. लुई स्वतः चांगला ऑर्गनवादक होता आणि पॅरिसच्या चर्चमध्ये वाजवत असे. गंमत अशी की टिंबांची महती सांगणारे हे पुस्तक छापले गेले ते मात्र उठावाच्या रोमन अक्षरांत. काही चिन्हांत तेव्हा टिंबांबरोबर आडव्या रेघाही होत्या. १८३७च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या गेल्या.

बंदी

नेहमीची गोष्ट इथे संपते. लिपी सापडली, अंधांना उजेड मिळाला. प्रत्यक्षात लुई मेला तेव्हा ही लिपी त्याच्या स्वतःच्या देशातही अधिकृत नव्हती.

संस्थेचे संचालक पिन्ये यांनी लुईला उत्तेजन दिले होते. मुले या लिपीत टिपणे काढत, एकमेकांना चिठ्ठ्या लिहीत. लुई तिथेच आधी साहाय्यक आणि १८३३पासून पूर्ण शिक्षक झाला. १८४०मध्ये पिन्ये यांना जावे लागले आणि द्यूफो संचालक झाले. त्यांनी टिंबांची लिपी बंद करून पुन्हा उठावाच्या अक्षरांकडे शाळा वळवली. द्यूफो खलपुरुष नव्हते. अंधांना वेगळी लिपी दिली तर ते समाजापासून तुटतील, ही त्या वेळच्या अनेक चांगल्या माणसांची मनापासूनची भीती होती. फक्त हा निर्णय ज्यांच्या बोटांबद्दल होता, त्यांना कोणी विचारले नाही.

मुलांनी लपूनछपून लिहिणे चालू ठेवले. त्यांना मोठी पाठराखण मिळाली ती द्यूफो यांचे सहकारी ग्वादे यांची. त्यांनी या लिपीचा उपयोग ओळखला आणि वरिष्ठांचे मन वळवले. फेब्रुवारी १८४४मध्ये शाळेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा ग्वादे यांनी लोकांसमोर लुईच्या पद्धतीची ओळख करून दिली आणि मुलांनी ती वापरून दाखवली.

लुईला तोवर क्षयाने गाठले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोन दिवसांनी, तो वारला. १८५४मध्ये फ्रान्सने ही लिपी अधिकृत मानली. १८७८च्या पॅरिसमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने तिची शिफारस केली. १९५२मध्ये, मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, त्याच्या अस्थी फ्रान्सच्या थोरांच्या स्मारकात, पँथिऑनमध्ये नेण्यात आल्या. हात मात्र कूव्रेतच ठेवले गेले.

आता ‘मात’ या शब्दाकडे पुन्हा पाहू. लुईने अंधत्वावर मात केली का? तो पाचव्या वर्षापासून मरेपर्यंत अंधच होता आणि त्याने ते बदलायचा प्रयत्नही केला नाही. त्याने ज्यावर मात केली ती कागदावर. फक्त डोळ्यांसाठी बनलेल्या कागदावर. नंतर अडथळा उभा राहिला तो चांगल्या हेतूच्या एका कार्यालयीन आदेशाचा. आणि त्या अडथळ्यावर तो एकट्याने मात करू शकला नाही. त्याला मुलांची साथ आणि ग्वादे लागले. मुलांना हा फरक कळतो. मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

मराठी सहा टिंबांत

आपल्याकडे ही लिपी मिशनरी शाळांबरोबर आली. मुंबईत १९००मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढे दादरची शाळा म्हणून ओळखली गेली. पण भारतीय भाषांसाठी ब्रेल वापरायची कशी, यावर एकमत नव्हते. ठिकठिकाणच्या शाळांनी आपापल्या मांडण्या केल्या आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशात अनेक ब्रेल पद्धती नांदत होत्या. एका शाळेत शिकलेल्याला दुसऱ्या शाळेतले पुस्तक वाचता येईलच असे नव्हते. स्वातंत्र्यानंतर युनेस्कोच्या पुढाकाराने यावर तोडगा निघाला. त्या कामाची धुरा सर क्लुथा मॅकेन्झी यांच्याकडे होती. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले हे न्यूझीलंडचे गृहस्थ. १९५१मध्ये ‘भारती ब्रेल’ ठरली आणि त्याच वर्षी डेहराडूनला सेंट्रल ब्रेल प्रेस सुरू झाली.

भारती ब्रेलचे तत्त्व असे, की भारतीय भाषांत एका ध्वनीला शक्यतो एकच चिन्ह, आणि ते जमेल तिथे इंग्रजी ब्रेलशी जुळणारे. छापील मराठी, बंगाली आणि तमिळ ‘क’ पाहिले तर ओळखीचे वाटत नाहीत. ब्रेलमध्ये तिन्ही एकच: टिंबे १ आणि ३. इंग्रजी ‘के’सुद्धा तेच. ‘म’ म्हणजे १, ३, ४ आणि ‘ल’ म्हणजे १, २, ३. ‘कमल’ हा शब्द लिहून झाला की इंग्रजीतली तीन अक्षरेही शिकून झाली.

मराठी मुलांना यातल्या आणखी काही गोष्टींची मजा वाटते. काना, वेलांटी, मात्रा यांना ब्रेलमध्ये वेगळे रूप नाही. व्यंजनानंतर सरळ तो स्वरच लिहितात. त्यामुळे ‘किती’ लिहिताना पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येत नाही, आधी क, मग इ, जसे आपण बोलतो तसे. उलट जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण, म्हणजे चौथे टिंब, पहिल्या व्यंजनाच्या आधी येते, म्हणजे बोटाला पुढे काय येणार याची सूचना मिळते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘आई’ हा शब्द दोन घरांत पाच टिंबांत होतो: ‘आ’ची ३, ४, ५ आणि ‘ई’ची ३, ५.

ऱ्हस्व ‘इ’ म्हणजे २ आणि ४. दीर्घ ‘ई’ म्हणजे ३ आणि ५. शेजारी शेजारी काढून पाहा: तीच तिरकी जोडी, फक्त एक पायरी खाली. ‘आता सगळे मोबाइलवर ऐकता येते, मग ब्रेल कशाला’ असे विचारणाऱ्यांना मी हेच दाखवतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. केवळ ऐकून शिकलेल्या मुलाला त्यांतला फरक कोणी तरी सांगावा लागतो. बोटांनी वाचणाऱ्या मुलाला तो स्वतः सापडतो. गणितातला अपूर्णांक, समीकरणाची मांडणी, कवितेच्या ओळी कुठे तुटतात, हे सगळे पानावर असते, आवाजात नसते. बोलणारी यंत्रे फार मोलाची आहेत. पण दिसणाऱ्या मुलांना ध्वनिफिती मिळतात म्हणून आपण त्यांची पुस्तके काढून घेत नाही.

मराठीत ब्रेलमध्ये नियमित वाचायला काय, या प्रश्नाला उत्तर म्हणून २००८मध्ये स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. पाठ्यपुस्तकांपलीकडे ताजे काही बोटांखाली येणे, ही त्या वाचकांसाठी नवी गोष्ट होती. कायद्यानेही वाट मोकळी केली आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कोणतेही पुस्तक अंध वाचकांसाठी सुलभ रूपात आणायला प्रकाशकाच्या परवानगीची अट राहिली नाही. अशा पुस्तकांच्या देवाणघेवाणीसाठी झालेल्या मराकेश कराराला २०१४मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि शिक्षण हा हक्क म्हणून सांगितला. तरीही शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यावर महिनोन्‌महिने ब्रेल पुस्तकाची वाट पाहणारी मुले मला भेटतात. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात, ते वेळेवर छापून पोचवणे हे आधी ठरवून करायचे काम आहे. ती मुले जिद्दीत कुठेही कमी नाहीत. पुस्तक उशिरा आले, एवढेच.

वर्गात सांगताना

तर मग ही गोष्ट सांगायची कशी? काही साध्या सूचना करतो. कोणालाही त्या वापरून पाहता येतील.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी चरित्राआधी टिंबे घ्यावीत. आपल्या मुलांना ठिपक्यांची रांगोळी माहीत असते. तीन ओळी, प्रत्येकीत दोन ठिपके, एवढीच ही रांगोळी. सहा बाटल्यांची झाकणे, अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा आणि हरभरे, काहीही चालते. स्वतःचे नाव मांडायचे आणि शेजाऱ्याने ते डोळे मिटून वाचायचे. हाती सापडले तर पाटी आणि टोचणीने जाड कागदावर लिहू द्यावे. टिंबे मागच्या बाजूने उमटतात, म्हणून उजवीकडून डावीकडे आणि उलटे लिहावे लागते, हे कळल्यावर मुले ज्या उत्साहाने भिडतात तो पाहण्यासारखा असतो. त्या उत्साहात दयेला जागा नसते.

डोळ्यांना पट्टी बांधून वर्गात चालायला लावण्याचा खेळ मात्र टाळावा. आंधळी कोशिंबीर खेळ म्हणून ठीक आहे, धडा म्हणून नाही. पट्टीने मुलाला कळते ते नुकतीच दृष्टी गेलेल्या माणसाचे पहिले पाच मिनिटांचे घाबरणे. वर्षानुवर्षे काठी वापरणाऱ्या, आवाजावरून खोलीचा अंदाज घेणाऱ्या माणसाचे कौशल्य त्यात येत नाही. पट्टी काढल्यावर उरते ती ‘बापरे, सुटलो’ ही भावना, म्हणजे परत तेच तात्पर्य.

चौथी-पाचवीला गोष्ट सांगावी, पण मधेमधे थांबून विचारावे. १८१९मध्ये लुईला काय येत होते आणि काय करता येत नव्हते? ते त्याच्या डोळ्यांमुळे की पुस्तकांमुळे? त्याच्या मदतीला कोण कोण आले? बार्बिए नसते तर? सोबत्यांनी लिपी उचललीच नसती तर? मुलांनी या माणसांची यादी फळ्यावर करावी. लुईचे नाव तिच्यात राहीलच, पण एकटे राहणार नाही.

सातवी-आठवीच्या मुलांना द्यूफो यांची बाजू मांडायला लावावी. वेगळी लिपी दिली तर माणसे वेगळी पडतात, हा मुद्दा फुसका नाही आणि मुले त्यावर हिरिरीने बोलतात. वेगळी शाळा की सर्वांबरोबर एकच शाळा, हा आजचा वाद त्यातून आपोआप निघतो. शेवटी एकच प्रश्न विचारावा: हे ठरवताना टेबलाभोवती कोण बसले होते?

भाषेकडेही लक्ष द्यावे. ‘डोळस’ म्हणजे शहाणा आणि ‘आंधळा’ म्हणजे मूर्ख, हे मराठीच्या अंगात मुरलेले आहे. अंधश्रद्धा, आंधळा कारभार, डोळस वाचन. हे शब्द बंद करा असे मी म्हणत नाही, ते होणारही नाही. पण असे शब्द शोधून वहीत लिहायला सांगितले, तर मुले पुढच्या वेळी ते जाणून वापरतात. अंध, अपंग, दिव्यांग यांतला कोणता शब्द वापरायचा याबद्दल त्या व्यक्तींमध्येच मतभेद आहेत. समोरच्याला कोणता आवडतो ते विचारावे, हा सोपा मार्ग आहे.

वर्गात न दिसणारे मूल असेल, तर त्याला उदाहरण म्हणून उभे करू नये. आदल्या दिवशी बाजूला घेऊन विचारावे, ‘तुला उद्या वाचून दाखवायला आवडेल का?’ नको म्हणाले तर नको. हो म्हणाले तर त्या दिवसापुरता ते शिक्षक आणि बाकी सारे विद्यार्थी.

आणि तात्पर्याच्या जागी एक काम द्यावे. शाळेत फिरून पाहायचे: बोटाला किंवा कानाला न कळणारी कोणती माहिती इथे आहे? सूचनाफलक, परीक्षेचे वेळापत्रक, खोल्यांचे क्रमांक, प्रयोगशाळेतल्या बाटल्या. त्यांतली एखादी तरी गोष्ट वर्षभरात बदलायची. लुईने केले ते याच जातीचे काम होते.

त्याच्या आयुष्यातली आणखी एक हकिगत मी मुलांना हमखास सांगतो, कारण ती कुठल्याच पाच मिनिटांच्या गोष्टीत येत नाही. सहा टिंबांची लिपी अंधांना आपापसांत पुरेशी होती. पण गावाकडे पत्र लिहायचे तर घरच्यांना ती वाचता येत नव्हती. म्हणून १८३९मध्ये लुईने दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात टिंबांच्या जाळीवर नेहमीच्याच रोमन अक्षरांचे आकार उमटवायचे, म्हणजे अंध माणसाने लिहिलेले दिसणाऱ्याला वाचता येईल. पुढे त्याचा अंध मित्र फूको याने त्यासाठी यंत्रही तयार केले. दिसणाऱ्यांनी अंधांची लिपी शिकावी, अशी लुईने वाट पाहिली नाही.

दुसऱ्या बाजूचे काम मात्र दिसणाऱ्यांकडेच राहिले आहे. सहावीतल्या मुलाला मराठी ब्रेलची मुळाक्षरे सवडीने शिकता येतात. येत्या ४ जानेवारीला परिपाठातली पाच मिनिटे वाढवून अर्धा तास केला, तर निदान ‘आई’ आणि ‘कमल’ एवढे शब्द सगळ्या वर्गाच्या बोटांना येतील, आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीला चिठ्ठी पाठवायला एवढी सुरुवात पुरते.